६५ टनांचा हत्ती आणि मराठा पलटणी

२० जून १९४२ची पहाट. लिबियाच्या किनाऱ्यावरचं टोब्रुक बंदर जर्मन-इटालियन फौजांनी वेढलं होतं. बंदराभोवतीच्या संरक्षक रेषेच्या आग्नेय कोपऱ्यात ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची २री पलटण उभी होती. समोर रणगाडे अडवायला खणलेला खंदक होता, पण वाऱ्याने वाळू भरून तो जागोजागी उथळ झाला होता. सुरुंगही पूर्वीइतके दाट राहिले नव्हते. जर्मन सेनापती रोमेलने घाव घालायला नेमका हाच कोपरा निवडला. आधी श्टुका विमानांनी बाँबचा मारा केला, मग तोफखाना सुटला, आणि त्या धुराळ्यातून १५व्या पान्झर डिव्हिजनचे रणगाडे खंदक ओलांडून मराठ्यांच्या ठाण्यांवर आले. संध्याकाळपर्यंत जर्मन बंदरात पोचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टोब्रुकचे सेनापती जनरल क्लॉपर यांनी टोब्रुक शत्रूच्या हवाली केलं. ३० हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. जवळजवळ सगळी मराठा पलटण त्यांत होती.

ही पलटण शौर्यात कमी पडली नाही. कमी पडली ती तोफ. रणगाडा फोडण्यासाठी तेव्हा पायदळाच्या मदतीला असायची ती मुख्यतः २ पौंडी तोफ, ४० मिलिमीटर तोंडाची. ६ पौंडी तोफा वाळवंटात नुकत्याच येऊ लागल्या होत्या आणि सगळ्यांना पुरतील इतक्या नव्हत्या. समोर रोमेलकडे विमानविरोधी ८८ मिलिमीटर तोफ होती. तिचं तोंड जमिनीशी समांतर केलं की मैलभरावरचा रणगाडा ती फोडत असे. शिवाय रशियात हाती लागलेल्या ७६ मिलिमीटर तोफा हलक्या चेक रणगाड्यांच्या सांगाड्यावर बसवून बनवलेल्या मार्डर गाड्या त्याच उन्हाळ्यात आफ्रिकेत उतरल्या होत्या. रणगाडा मारण्यासाठी तोफेलाच पट्ट्यांवर चढवायचं, ही कल्पना तोवर जुगाडाच्या पायरीवर होती. पुढच्या दोन वर्षांत जर्मनीने ती जिथवर नेली, त्याची हकिकत इथे सांगायची आहे. आपल्या मराठी वाचकाला ती बहुधा कुर्स्क आणि नॉर्मंडीच्या नावांनी माहीत असते. तिच्या दुसऱ्या टोकाला मराठी माणसं उभी होती, हे मात्र क्वचित कुणी सांगतं.

मराठा पलटणींचं आणि मुंबईचं नातं फार जुनं. पहिली पलटण, म्हणजे जंगी पलटण, १७६८मध्ये उभी राहिली ती मुंबई बेटावरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रेजिमेंटचं केंद्र बेळगावला गेलं होतं. भरती कोकण, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यांतून होत असे. लालबाग-परळच्या गिरण्यांची भरतीही याच पट्ट्यांतून व्हायची. कुणबी-मराठ्यांच्या घरातला एक भाऊ गिरणीत साच्यावर आणि दुसरा पलटणीत, असं चित्र त्या काळी अपवादाचं नव्हतं. गिरण्यांमध्ये लष्करासाठी कापड निघत होतं आणि पलटणी अलेक्झांड्रा डॉकमधून जहाजावर चढत होत्या. आज आपण त्याला इंदिरा डॉक म्हणतो.

मुंबईचं मन मात्र एका दिशेला नव्हतं. टोब्रुक पडल्यानंतर सात आठवड्यांनी गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि ९ ऑगस्टच्या पहाटे नेते पकडले गेले. गिरगावच्या गल्ल्यांत तेव्हा साहेबाच्या युद्धाबद्दल कुणाला प्रेम नव्हतं. त्याच वेळी दादरमध्ये शिवाजी पार्कजवळच्या आपल्या घरातून सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात शिरा, शस्त्र शिकून घ्या, असं सांगत होते. तिथून फार लांब नसलेल्या हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’चे मालक डॉ. आंबेडकर नाझीवादाचा पराभव झालाच पाहिजे या मताचे होते. त्यांच्या पाठपुराव्यामुळे १९४१च्या ऑक्टोबरात बेळगावला महार पलटण पुन्हा उभी राहिली होती. आणि जर्मनीने रशियावर हल्ला केल्यापासून कम्युनिस्टांसाठी हे लोकांचं युद्ध झालं होतं. पक्षाचं ठाणं गिरगावच्या हद्दीत सँडहर्स्ट रोडवर होतं आणि ‘लोकयुद्ध’ हे मराठी साप्ताहिक कामगार वस्त्यांत जात असे. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहणाऱ्या अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पवाडा रचला तो याच वातावरणात. वाटेगावाहून पोटासाठी मुंबईला आलेल्या एका मातंग तरुणाने व्होल्गाकाठच्या कामगारांची लढाई डफ-तुणतुण्यावर आणली आणि गिरणगावाला ती आपली वाटली. स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यातून निघणारे टी-३४ रणगाडे हेच जर्मन अभियंत्यांच्या झोपमोडीचं कारण होतं, तेव्हा पवाड्याचा विषय आणि या लेखाचा विषय एकमेकांपासून फार दूर नाहीत.

१९४१च्या उन्हाळ्यात रशियात घुसलेल्या जर्मन पायदळाकडे ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ होती. टी-३४ आणि केव्ही या रशियन रणगाड्यांवर तिचा गोळा आपटून परतायचा. सैनिकांनीच तिला ‘दार ठोठावणारी’ असं नाव पाडलं. घाईघाईने मिळेल त्या सांगाड्यावर मिळेल ती मोठी तोफ बसवण्याचं सत्र सुरू झालं. मार्डर हे त्यातलंच अपत्य. पण खरं उत्तर आलं ते कृप कंपनीच्या नव्या ८८ मिलिमीटर तोफेतून. जुन्या विमानविरोधी ८८पेक्षा ही निराळी होती. नळी तोंडाच्या व्यासाच्या ७१ पट लांब, म्हणजे सहा मीटरहून अधिक, आणि दहा किलोचा गोळा सेकंदाला सुमारे एक हजार मीटर वेगाने बाहेर पडायचा. किलोमीटरभर अंतरावर तिरक्या लागलेल्या गोळ्यानेही दीडशे मिलिमीटरपेक्षा जाड पोलाद भेदलं जाई. ती आली तेव्हा दोस्त राष्ट्रांकडे असा एकही रणगाडा नव्हता जो तिच्यासमोर टिकेल.

आता प्रश्न होता ही लांबलचक तोफ कशावर चढवायची. एक वाट साधी होती. रणगाड्याचे तयार भाग जुळवून लांबट सांगाडा करायचा, मागच्या बाजूला तोफ ठेवायची, भोवती पातळ पत्रा लावायचा आणि वरून उघडं सोडायचं. ही गाडी आधी ‘हॉर्निस’ म्हणजे गांधीलमाशी आणि १९४४पासून ‘नासहॉर्न’ म्हणजे गेंडा या नावाने ओळखली गेली. वजन अवघं २४ टन. बाजूचं चिलखत १० मिलिमीटर, म्हणजे जवळ फुटलेल्या गोळ्याच्या कपच्यांनाही भीत राहायचं. पण दोन-तीन किलोमीटरवरून लपून मारा करायचा आणि जागा बदलायची, एवढ्यासाठी ती पुरेशी होती. युद्ध संपेपर्यंत अशा पाचशेच्या जवळपास गाड्या बनल्या. माझ्या मते जर्मनांच्या सगळ्या रणगाडाभेदी गाड्यांत शहाणपणाची गाडी हीच. तिच्यावर पुस्तकं कमी लिहिली गेली, कारण तिच्यात भव्य काही नव्हतं.

दुसरी वाट फर्डिनांड पोर्शे यांच्या हट्टातून निघाली. १९४२च्या २० एप्रिलला, हिटलरच्या वाढदिवशी, नव्या जड रणगाड्याचे दोन नमुने त्याच्यापुढे आणले गेले. एक हेन्शेल कंपनीचा आणि दुसरा पोर्शे यांचा. पोर्शेंच्या रणगाड्यात पेट्रोल इंजिनं थेट चाकं फिरवत नव्हती. इंजिनांनी वीज तयार करायची आणि विजेच्या मोटारींनी पट्टे ओढायचे, अशी रचना होती. कागदावर ती सुबक दिसते. प्रत्यक्षात तिला भरमसाट तांबं लागे आणि जर्मनीत तांब्याची टंचाई होती. मोटारी तापत, इंजिनं बिघडत. निवड हेन्शेलची झाली आणि तोच रणगाडा टायगर नावाने प्रसिद्ध झाला. पण पोर्शे निवडीची वाट न पाहता कामाला लागले होते. ऑस्ट्रियातल्या सांक्ट व्हालेंटिन इथल्या निबेलुंगन कारखान्यात शंभरएक सांगाडे पडून राहिले.

ते भंगारात घालवण्यापेक्षा त्यांच्यावर नवी ८८ बसवा, असा हुकूम सप्टेंबर १९४२मध्ये निघाला. इंजिनं मधे सरकवली, मागे पोलादी खोली उभी केली, पुढच्या १०० मिलिमीटर चिलखतावर आणखी १०० मिलिमीटरचा पत्रा ठोकला. तोफेला फिरता बुरूज नाही, त्यामुळे निशाणा फार बदलायचा तर अख्खी गाडी वळवायची. वजन ६५ टनांवर गेलं. हजार लिटरच्या आसपास पेट्रोल भरलं तरी पक्क्या रस्त्यावर दीडशे किलोमीटरपलीकडे जाणं कठीण. गाडीला पोर्शे यांचंच नाव मिळालं, ‘फर्डिनांड’. १९४३च्या मे महिन्यापर्यंत ९० गाड्या तयार झाल्या.

५ जुलै १९४३ला कुर्स्कच्या उत्तर बाजूला पोनिरीच्या दिशेने ८९ फर्डिनांड पुढे सरकल्या. रशियन तोफांचे गोळे त्यांच्या समोरच्या चिलखतावर निष्फळ ठरले. जर्मनांच्या दाव्याप्रमाणे त्या मोहिमेत या गाड्यांच्या रेजिमेंटने सुमारे ५०० रणगाडे उडवले. दावे फुगवलेले असतात हे धरूनही आकडा मोठा आहे. पण रशियनांनी जमिनीत सुरुंग दाट पेरले होते. सुरुंगाने पट्टा तुटला की ६५ टनांचा डोंगर जागच्या जागी बसायचा. त्याला ओढून मागे न्यायला चार-पाच मोठे ओढगाडे एकत्र जुंपावे लागत, तेही गोळ्यांच्या वर्षावात. गाडीत मशिनगन बसवलेली नव्हती, त्यामुळे जवळ आलेल्या पायदळाला हाकलायची सोय नव्हती. उन्हाळा सरेपर्यंत ३९ गाड्या गेल्या. उरलेल्या पुन्हा ऑस्ट्रियात नेल्या, मशिनगन बसवली, कमांडरला बाहेर बघायला छोटा घुमट दिला आणि नाव बदलून ‘एलेफांट’ केलं. हत्ती. वजन कमी झालं नव्हतंच.

त्यातले ११ हत्ती १९४४च्या फेब्रुवारीत इटलीला पाठवले. अँझिओच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्तांना समुद्रात ढकलायचं होतं. इथून ही हकिकत मराठी माणसाच्या अंगणात येते.

इटलीत तेव्हा ८वी भारतीय डिव्हिजन होती. तिच्यात ५व्या मराठाची १ली पलटण, ती जुनी जंगी पलटण, पायदळ म्हणून लढत होती. आणि डिव्हिजनचा रणगाडाविरोधी तोफखाना होता ४थी मराठा अँटी-टँक रेजिमेंट. टोब्रुकमध्ये ज्या कामासाठी तोफा पुरेशा नव्हत्या, तेच काम आता मराठा तोफची करत होते. इटलीतल्या भारतीय डिव्हिजनांकडे ६ पौंडी तोफा होत्या, पुढे १७ पौंडी आल्या. एलेफांटचं समोरचं २०० मिलिमीटर पोलाद या दोन्हींना भेदता येण्यासारखं नव्हतं. त्याच्या बाजूचं चिलखत ६० ते ८० मिलिमीटर होतं, म्हणजे तोफ बाजूला लपवून ठेवायची, गाडी पुढून जाऊ द्यायची आणि जवळून हाणायची. तोफेच्या ढालीमागच्या माणसांकडे त्या वेळी दोन-चार गोळ्यांपलीकडे संधी नसते. तोफेच्या धुरामुळे जागा उघडी पडली की शत्रूचं उत्तर येतंच. हे काम थंड डोक्याचं आहे, आणि पायदळाच्या चढाईला मिळतात तशी पदकं त्याला सहसा मिळत नाहीत.

११ मे १९४४च्या रात्री कॅसिनोच्या दक्षिणेला गारी नदीवर या डिव्हिजनचा हल्ला सुरू झाला. नदी रुंद नव्हती, पण प्रवाह जोरदार होता आणि पलीकडे जर्मनांच्या गुस्ताव्ह संरक्षक रेषेची मशिनगन ठाणी. पायदळ होड्यांतून पार झालं, धुकं आणि धूर इतका की माणसं एकमेकांचा हात धरून चालली. रणगाडे पलीकडे गेल्याशिवाय तो पायरोवा टिकणार नव्हता. सॅपर्सनी रातोरात काम करून सकाळी पहिला पूल खुला केला. दुसऱ्या जागी तर काही निराळंच घडलं. डिव्हिजनच्या दिमतीला आलेल्या कॅनडाच्या कॅल्गरी रेजिमेंटमधल्या कॅप्टन टोनी किंग्जमिल यांनी अख्खा बेली पूल एका शर्मन रणगाड्याच्या पाठीवर ठेवला, मागून दुसऱ्याने रेटा दिला आणि तो तसाच नदीवर सारला. पुढचा रणगाडा पाण्यात बुडाला, पूल मात्र जागेवर बसला. त्यावरून शर्मन पार गेले. शर्मनचं वजन ३० टनांच्या आसपास.

या पुलापाशी थांबावंसं वाटतं, कारण दोन बाजूंच्या युद्धविचारातलं अंतर तिथे स्पष्ट दिसतं. तुकड्या जोडून हाताने उभारता येणारा बेली पूल ३० टनांच्या रणगाड्याला पुरत होता, आणि तसे रणगाडे हजारोंनी येत होते. ६५ टनांच्या एलेफांटला इटलीतले बहुतेक पूल पेलवत नव्हते. नदी, ओढा, नाला आला की त्याला दुसरी वाट शोधायला लागे, आणि डोंगराळ इटलीत दुसरी वाट नसते. अँझिओच्या पाणथळ जमिनीत तो रुतत होता. मे अखेर दोस्त रोमच्या दिशेने सुटले तेव्हा माघारी जाणाऱ्या एलेफांट गाड्या एकेक करून वाटेत राहिल्या. काही विमानांनी टिपल्या, काही बिघडल्या आणि चालकांनीच उडवून दिल्या. ऑगस्टात एलेफांटची ती तुकडी इटलीतून परत गेली तेव्हा तिच्याकडे अगदी मोजक्या गाड्या उरल्या होत्या. अँझिओजवळ अमेरिकनांच्या हाती लागलेली एक आजही अमेरिकेत जपून ठेवली आहे.

नासहॉर्न मात्र टिकली. ५२५व्या जड रणगाडाभेदी बटालियनकडे त्या होत्या आणि ही बटालियन १९४३च्या उत्तरार्धापासून युद्ध संपेपर्यंत इटलीतच लढत राहिली. २४ टनांची गाडी पूल ओलांडू शकत होती, डोंगराच्या वळणावर दडू शकत होती. चढाई करणाऱ्या पलटणींना लांबून येणाऱ्या ८८च्या गोळ्याची धास्ती वाटे ती अशा हलक्या गाड्यांमुळे आणि जमिनीवरच्या ८८ तोफांमुळे. आवाज येण्याआधी गोळा येत असे.

रोमनंतर पाठलाग सुरू झाला. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १०वी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात ५व्या मराठाची ३री पलटण. १० जुलै १९४४ला नायक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर जवळून मशिनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. ते एकटेच मशिनगनवर धावले. ग्रेनेडने गन आणि गनर दोन्ही उडवले, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिने मारलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय २२. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा तरुण. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९४५मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून स्वीकारला. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे आणि माणगावला त्यांचा पुतळा आहे.

त्याच उन्हाळ्यात फ्लोरेन्सकडे सरकणाऱ्या मराठ्यांना माँतेगुफोनीच्या वाड्यात वेगळंच धन सापडलं. बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी उफ्फिझी संग्रहालयातली चित्रं तिथे हलवली होती. भिंतींना टेकून बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमाव्हेरा’ उभं होतं, उच्चेल्लोचं युद्धचित्र होतं, जोत्तोची मॅडोना होती. त्या चित्रांवर पहारा ठेवणारे सैनिक सातारा-रत्नागिरीकडचे होते. लेखक एरिक लिंक्लेटर आणि बीबीसीचे विनफर्ड व्हॉन-थॉमस तिथे पोचले आणि जगाला ही गोष्ट कळली.

इकडे जर्मनी अजून जड गाड्या बनवतच होती. पँथरच्या सांगाड्यावर तीच ८८ चढवून ‘यागडपँथर’ झाला. ४५ टन, तिरकं आणि भक्कम चिलखत. रचना म्हणून ही गाडी उत्तम होती. ३० जुलै १९४४ला नॉर्मंडीत कोमोंजवळ तीनच यागडपँथरांनी काही मिनिटांत ब्रिटिशांचे अकरा चर्चिल रणगाडे उडवले. पण अशा गाड्या चारशेच्या पुढे फारशा गेल्या नाहीत. शेवटी आला ‘यागडटायगर’. ७० टनांहून जड, १२८ मिलिमीटरची तोफ, पुढे २५० मिलिमीटर पोलाद, आणि इंजिन मात्र तेच जे पँथरला होतं, ७०० अश्वशक्तीचं. गिअर फुटत, पेट्रोल नसे. शंभराच्या आतच बनल्या, आणि त्यांतल्या कित्येक शत्रूने नव्हे तर स्वतःच्याच माणसांनी सुरुंग लावून संपवल्या. फर्डिनांडपासून यागडटायगरपर्यंतच्या या प्रवासाच्या शेवटी तोफ वाढली, पोलाद वाढलं, आणि रणांगणावर प्रत्यक्ष हजर असणाऱ्या गाड्या मात्र मोजक्याच राहिल्या. ८८ची ती तोफ अफाट होती, हे मी मनापासून मानतो. तिला वाहून नेणारा देश मात्र तेव्हा तेल, तांबं, कुशल कामगार आणि वेळ या सगळ्यांतच भिकेला लागला होता, आणि त्याच्या राज्यकर्त्यांना ते कबूल करायचं नव्हतं. कारखान्यांत गुलामासारखी राबवलेली परदेशी माणसं ही त्या पोलादाची खरी किंमत होती. कौतुकाने लिहिलेल्या पुस्तकांत तिचा उल्लेख अनेकदा तळटीपेतही नसतो.

९ एप्रिल १९४५ला इटलीतला शेवटचा हल्ला सेनिओ नदीवर झाला. जंगी पलटणीचे शिपाई नामदेव जाधव कंपनी कमांडरचे निरोपे होते. नगर जिल्ह्यातल्या निमजचे. नदी पार करताना त्यांच्याबरोबरचे जवळजवळ सगळे पडले. गळ्यापर्यंत पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी दोन जखमींना एकेक करून परत आणलं. मग ते एकटेच बांधावरच्या मशिनगन ठाण्यांवर गेले. पहिलं ठाणं टॉमीगनने गप्प केलं. हाताला गोळी लागल्यामुळे ती धरता येईना, तेव्हा ग्रेनेड वापरून आणखी दोन ठाणी गप्प केली. बांधावर चढून त्यांनी शिवाजी महाराजांचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. ते जगले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांनी स्वतः स्वीकारला.

आठवडाभरात, १६ एप्रिलला, जर्मनीतल्या इझरलोनच्या चौकात ५१२व्या जड रणगाडाभेदी बटालियनचे उरलेसुरले यागडटायगर अमेरिकनांसमोर रांगेत उभे राहून शरण आले. इटलीतल्या जर्मन फौजांनी २ मे १९४५ला शस्त्रं खाली ठेवली.